पोस्टरवरची तू

आई, तू गेल्यावर पंचवीसेक वर्षांनी मी तुला रद्दीवाल्यांकडून विकत घेते आहे. हे तुला कळलं असतं तर तू आधी भाव विचारला असतास आणि मग कपाळावर हात मारून म्हणाली असतीस, "एवड्याला? खुळी का काय तू?" सांगलीत माझ्या भाड्याच्या दोन खोल्यांत आज तुझे चाळीसच्या वर चेहरे आहेत. एक अलीकडेपर्यंत भिंतीवर होता, काचेत. बाकीचे पलंगाखाली, सपाट, मध्ये पातळ कागद घालून ठेवलेले. सगळीकडे तू अठरा-एकोणीसची, मान जराशी डावीकडे कललेली, केसांत मोठं फूल. तुझ्या शेजारी कधी गिटार छापलेली असते, कधी ॲकॉर्डियन, कधी नुसत्याच चांदण्या. वर जाड अक्षरांत ऑर्केस्ट्राचं नाव, खाली 'इलेक्ट्रिक गिटार, ड्रमसेट, कांगो आणि डोळे दिपवणारी प्रकाशयोजना'. आणि तळाला एक रिकामी पट्टी. पोस्टरं गठ्ठ्याने एकदाच छापून ठेवायची आणि ज्या गावची जत्रा असेल त्या गावाचं नाव त्या पट्टीत ब्रशने भरायचं, अशी पद्धत होती. त्यामुळे माझ्याकडे तू शिराळ्याची आहेस, कराडची आहेस, तासगावची आहेस. काही ठिकाणी पट्टी कोरीच राहिली आहे, तिथे तू कुठलीच नाहीस.

तुला हा नाद कळला नसता. मलाही नीट कळत नाही. दिवसभर मी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते, काचेवर पसरते, भिंगाखाली बघते. संध्याकाळी घरी येऊन एकटीपुरता भात लावते आणि परवापरवापर्यंत पलंगाखालचे कागद बाहेर काढून त्यांच्याकडेही तसंच भिंगातून बघायचे. आबा होते तोवर निदान खोकल्याचा आवाज असायचा. ते जाऊन सहा वर्षं झाली. माझं लग्न व्हायचं राहून गेलं ते राहूनच गेलं, त्याबद्दल आता मला वाईट वाटत नाही, फक्त सुट्टीचा दिवस लांबतो. म्हणून रविवारी मी बाहेर पडायला लागले. जुने छापखाने, बंद पडलेल्या टुरिंग टॉकीजची गोदामं, भंगाराची दुकानं. कुणाच्या कपाटाच्या खणात पोस्टर अंथरलेलं असतं, कुणाच्या ट्रंकेला आतून डकवलेलं असतं. एका किराणा दुकानात तर तू चहापत्तीच्या डब्यांखाली तीस वर्षं पडून होतीस आणि दुकानदार तुला विकायला तयार नव्हता, कारण फळीला दुसरा कागद कोण कापून देणार! मी घरून कागद कापून नेला, अंथरून दिला आणि तुला घेऊन आले.

मला तुझं स्वयंपाकघर आठवतं. शिराळ्याच्या अलीकडचं आपलं गाव, मागच्या दाराशी उसाचं रान, आणि आबा पलटणीत. तू चुलीपुढे बसली आहेस, भाकरी थापते आहेस. शेजारच्या बायका जात्यावर बसल्या, पोळपाटावर बसल्या की काहीतरी गुणगुणायच्या. तू कधीच नाही. आरतीलासुद्धा तू फक्त टाळ्या वाजवायचीस, तोंड मिटून. मला वाटायचं, माझ्या आईला आवाजच नाही. एकदा शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मी कविता घोकते आहे, उंबऱ्यावर उभी राहून, हात मागे बांधून. तिसऱ्यांदा म्हणून झाली तेव्हा तू मागे न बघता म्हणालीस, "वळ संपायच्या आत दम घिऊ नगंस. वळ तुटती." मी विचारलं, तुला गं काय ठाऊक? तू तव्यावरची भाकरी उलटलीस आणि म्हणालीस, "पाणी आण जा." मी पाणी आणायला गेले. एवढंच झालं. पण मला ते लागलं होतं, कारण कविता मला चांगली येत होती आणि माझं कौतुक होईल असं मला वाटलं होतं.

तू गेलीस त्याच्या तेराव्यानंतर मी आबांची काळी मिल्ट्रीची ट्रंक आवरायला काढली. तुझी लुगडी होती त्यात, वर डांबराच्या गोळ्या. सगळ्यात खाली एक कागद पालथा घातलेला होता. मला वाटलं ट्रंकेचं अस्तर असेल. उचलून उलटा केला तर तू होतीस. पिवळा-लाल छापील कागद, कोपऱ्यांवर भिंतीचा चुना चिकटलेला, तुझी कललेली मान, आणि पट्टीत निळ्या रंगात विट्याकडच्या एका गावाचं नाव. तुझ्या तोंडाखाली मात्र भलतंच नाव छापलेलं होतं. ओळखीचं तोंड आणि अनोळखी नाव. मी तो कागद घेऊन आबांकडे गेले. ते ओट्यावर बसले होते. मी विचारलं, हे कुणाचं नाव? त्यांनी तो हातात घेतला. मग म्हणाले, "तिचंच. म्हायेरचं." लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने तुझं नवं नाव लिहिलं, त्या दिवसापासून जुनं नाव कुणी घेतलं नाही. मलाही तोवर ते माहीत नव्हतं. मी विचारलं, आई गात होती? "व्हती." मग का थांबली? आबा म्हणाले, "ठेव जाग्याव," आणि उठून रानात गेले. त्या दिवशी मी ठरवून टाकलं की यांनीच तुझं गाणं बंद केलं. पुढे त्यांचं सगळं केलं, औषधं दिली, पाय चेपले, पण ते डोक्यातून गेलं नाही. तुझं पोस्टर मी काचेत घालून भिंतीवर लावलं तेव्हा ते रोज त्याच्यासमोर बसून चहा प्यायचे, आणि मला त्यांचा राग यायचा.

बाकीची पोस्टरं मी त्या एका पोस्टरमुळे गोळा करायला लागले. मला हिशेब सोपा वाटत होता. जिथे तुझं तोंड आणि तुझं नाव, त्या गावात तू गायलीस. शिराळ्याचं मिळालं की मी म्हणायचे, इथे तू गायलीस. कराडचं मिळालं की तिथल्या एसटी स्टँडवर उतरून उगाच चहा पिऊन यायचे. तू घरात एक अक्षर गायली नाहीस, पण इतक्या गावांनी तुला ऐकलं होतं, याचा मला अभिमान वाटायचा आणि थोडा हेवाही. या नादात पुण्याच्या एका मुलाशी ओळख झाली. तो परदेशी रॉक बँडच्या कार्यक्रमांची जुनी पोस्टरं जमवतो आणि जोडीला आपल्याकडची ऑर्केस्ट्राची. मला मावशी म्हणतो. कागद कसा वाळवायचा, चिकटपट्टी का लावायची नाही, हे मला त्यानेच शिकवलं. त्याला गिटार असलेली हवी असायची, मला तू असलेली. याच ऑर्केस्ट्राची दोन-तीन जुनी पोस्टरं माझ्याकडे होती, फोटो नसलेली, नुसत्या अक्षरांची, मी कधी नीट न वाचलेली. ती त्याला देऊन मी तुझे दोन चेहरे घेतले आणि सौदा झकास झाला म्हणून खूश झाले.

गेल्या वर्षी त्याच्याकडूनच एक नवीन पोस्टर आलं. मी ते पसरलं, तुझ्याकडे बघितलं, आणि नेहमीप्रमाणे बारीक अक्षरं वाचायला लागले. 'प्रथमच आपल्या भागात, ऑक्टोपॅडच्या तालावर.' मी पुन्हा वाचलं. आई, ऑक्टोपॅड आपल्याकडे आला तेव्हा मी शाळेत जात होते आणि तू माझ्या डोक्यातल्या उवा काढत होतीस. माझ्या वेण्या घालणारी बाई त्याच वेळी कुठल्यातरी जत्रेत केसांत फूल घालून ऑक्टोपॅडच्या तालावर कशी काय गात होती? मी त्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, डाव्या भुवईवर बघा, पांढरी रेघ आहे ना? तो कागदाचा चुरगळा नाही, ब्लॉकवरचा, म्हणजे छापायच्या ठशावरचा ओरखडा आहे. फोटोचा एकच ब्लॉक बनवायचे आणि वर्षानुवर्षं तोच वापरायचे." मी पलंगाखालचे सगळे कागद बाहेर काढले. फरशीवर मावेनात म्हणून स्वयंपाकघरातही पसरले. भिंग घेऊन एकेका भुवईवरून फिरत गेले. काहींवर रेघ होती, काहींवर जास्त लांब होती, एकावर तर ती गालापर्यंत आली होती. ओरखडा नसलेली मोजकीच होती. मला एवढंच हवं होतं, आई. एक तरी पोस्टर असं, की त्या रात्री तू खरोखर त्या स्टेजवर उभी होतीस आणि गायली होतीस. बाकीची रद्दीत घातली तरी चालतील, असं मी तेव्हा म्हटलं.

प्रत्येक पोस्टरच्या कोपऱ्यात संपर्काचा पत्ता होता, लोणंदचा. मी तो इतक्या वेळा वाचला होता की तो मला पत्ता वाटेनासाच झाला होता. तुझं माहेर लोणंदच्या रेल्वे क्वार्टरमधलं, पण तुझ्या वडिलांची बदली झाल्यावर आपलं तिथे कुणी राहिलं नव्हतं. एका रविवारी सकाळच्या गाडीने गेले. त्या पत्त्यावर आता मोबाइलचं दुकान आहे. काउंटरवरच्या माणसाला मी फोनमध्ये पोस्टर दाखवलं. तो हसला. "आमच्या चुलत्याचा ऑर्केस्ट्रा ह्यो. चुलतं ग्येलं. पर ही बाई हाय की! कांदा मार्केटच्या मागं ऱ्हाती." मी त्याला म्हटलं, शक्य नाही. तो म्हणाला, "शक्य न्हाई म्हंजे? काल रिचार्ज मारून ग्येली."

मी कांदा मार्केटच्या मागे गेले तेव्हा वाटेत दोनदा केस सारखे केले, हे तुला सांगायला हरकत नाही. मी रक्त तपासणारी बाई आहे, मेलेलं माणूस परत येत नाही हे मला कळतं. तरी केले. दार उघडंच होतं. आत सत्तरीच्या पुढची एक बाई सूप घेऊन लसूण सोलत बसली होती. काळी, अंगाने भरलेली, पुढचे दात मोठे, केसांना काळाभोर रंग. ती तू नव्हतीस, यात काहीच शंका नव्हती, आणि तरी माझी निराशा झाली. मी आत जाऊन कोण, कुठली सांगायला तोंड उघडणार एवढ्यात शेजारच्या बाईने बाहेरून हाक मारली. तुझ्या नावाने. पोस्टरवरच्या, माहेरच्या नावाने. ते नाव मी माणसाच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते. आणि लसूण सोलणारी म्हातारी म्हणाली, "आले गं, थांब वाईच."

तिला सगळं सांगायला फार वेळ लागला नाही. मी कुणाची, हे कळल्यावर तिने सूप बाजूला ठेवलं, माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि म्हणाली, "बापावर ग्येलीस." मग चहा टाकला. मी फोनमधली पोस्टरं पुढे केली तर म्हणाली, "दावू नगंस. मला पाठ हाईत. नऊ वर्सं मी तुज्या आयच्या तोंडानं गायले."

"म्हणजे?"

"म्हंजे काय? ब्लॉक जस्ताचा असतुया. ऐन हंगामात दुसरा कवा करायचा? मालक म्हणला, त्वांड बदलायचं न्हाई, गाणारी बदला. त्वांड तिचं, नाव तिचं, गळा माजा. आता गल्लीबी त्याच नावानं वळखती. माजं सोताचं नाव मलाच आठवाय लागतं."

मी तिला विचारलं, आईचं गाणं आबांनी बंद केलं का? ती म्हणाली, "लग्नानं बंद केलं. आता त्यात त्यो किती आन् ती किती, मला काय म्हाईत?" मग तिने मला त्या फोटोची गोष्ट सांगितली. तू वर्षभर गात होतीस, तिच्याबरोबर, एका ताटात जेवत होतात. मग घरी तुझं लग्नाचं बघायला लागले आणि दाखवायला म्हणून तुझा फोटो काढला, केसांत फूल घालून. एक प्रत आबांच्या घरी गेली. दुसरी मालकाने मागून घेतली, कारण त्याला पोस्टरवर गाणारीचं तोंड हवं होतं. "दोनी फोटू एकाच वक्ताला लागू पडलं. पोस्टरं छापून आली आन् तुज्या आयची सुपारी फुटली." मी विचारलं, त्याच्या आधीच्या पोस्टरांवर काय असायचं? "निस्ती अक्षरं. तोंड कुटलं? त्वांड आलं तवा ती ग्येली व्हती."

ती लसूण सोलायला लागली. आई, तुझ्या तोंडाची एवढी पोस्टरं मी गोळा केली, आणि त्यातल्या एकाही रात्री तू स्टेजवर नव्हतीस. ज्या रात्री तू गायलीस त्या रात्रींची पोस्टरं नुसत्या अक्षरांची होती, आणि ती मी गिटारवेड्या पोराला हसत हसत देऊन टाकली होती. मला तिथे त्या बाईसमोर रडू यायला लागलं. तिने लसणाची पाकळी खाली ठेवली नाही. म्हणाली, "रडतीस कशाला? विट्याकडचं हाय का तुज्याकडं?"

मी म्हटलं, ते तर भिंतीवर आहे. आईच्या ट्रंकेत होतं.

"त्यो माजा पयला कारेक्रम," ती म्हणाली. "गलाईवाल्यांचं गाव त्ये. सोनं गाळाय कुटं कुटं मुलखात असत्यात, जत्रंला गावी येत्यात. पोस्टर बघून पार म्होरं येऊन बसल्याली. मी तवा निस्ती मागं हुबी ऱ्हाऊन कोरस धरायची. मालकानं ढकलली म्होरं. मी दिसले आन् जी वरडाय लागली, ही न्हवं, ही न्हवं, पोस्टरवरची आणा! तुज्या आयच्या नावानं वरडत व्हती समदी. आन् बायकांच्या अंगाला बघते तर तीच. हिरवा चुडा, पदर पार नाकापतूर. तुज्या आत्याचं गाव असंल ते, जत्रंला पावनी आली असणार. हनुवटी तेवडी दिसली. मला तेवडी बास. गाव तिच्या नावानं कालवा करतंय आन् ती मान घालून चुडा फिरवत बसली."

"उठली नाही?"

"आगं, नवी नवरी. नाव बदलल्याली. कुटं उटती? मग मी डोळं झाकलं आन् लावला आवाज. दुसऱ्या कडव्याला गप झाली समदी. शेवटी शिट्ट्या मारल्या." तिने सांगताना मान जरा ताठ केली. "सकाळच्याला आमी गाडीत सामान भरत व्हतो. चावडीच्या भितीपाशी एक मिल्ट्रीवाला हुबा. तांब्यातनं पाणी घेतोय, पोस्टरवर थापतोय, थांबतोय, बोटानं कड उचलतोय. तुजी आय त्याच्या पल्याड. मला बघून आली. मला वाटलं, गळ्यात पडंल, रडंल. तर म्हणली काय, दुसऱ्या कडव्यात वळ संपायच्या आत दम घेतलास, वळ तुटली. आन् ग्येली निगून. असा राग आला मला! पण तवापास्नं तितं कवा दम घेतला न्हाई."

आई, मी भिंतीवरून पोस्टरं काढलेली आहेत. ज्याला लाज वाटते तो पोस्टर फाडतो, एका ओढीत अर्धं हातात येतं आणि अर्धं भिंतीवर राहतं. वरून शेण मारतो, नाहीतर चुन्याचा हात फिरवतो. पाण्याने भिजवून, खळ सुटेपर्यंत थांबून, बोटाने एकेक कड उचलणाऱ्या माणसाला ते पोस्टर अख्खं हवं असतं. हे काम घाईत होत नाही. दिवस वर आलेला असताना, बहिणीच्या सासरच्या गावात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर एक फौजी आपल्या नव्या बायकोचं तोंड भिंतीवरून सोडवत उभा होता. माझ्या हातात ते पोस्टर इतकी वर्षं होतं, कोपऱ्यांवरचा चुना मी भिंगातून बघितला होता, आणि त्यावरून मला हे ओळखता आलं नाही. चहा पिताना ते त्याच्याकडे का बघत बसायचे, ते मला लोणंदमध्ये एका परक्या बाईच्या घरात कळलं. त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा तुझ्याऐवजी आबांची आठवण आली.

निघताना मी तिला विचारलं, आई कशी गायची? ती म्हणाली, "बरी गायची. माज्यायेवडी न्हाई." मला झोंबलं, तिला दिसलं, ती हसली. मी म्हटलं, तिच्यासारखी एक ओळ म्हणून दाखवाल? "तिच्यावानी कोन म्हणंल? ती ग्येली की." मग तिने माझ्या पिशवीत लसणाच्या दोन गड्ड्या टाकल्या आणि दारात येऊन म्हणाली, "त्ये विट्याचं मला दे."

"का?"

"माजं हाय. तुज्याकडं चाळीस हाईत म्हणतीस. माज्या घरात माजं एकबी न्हाई."

मी बघते म्हणाले. गाडीत बसल्यावर मला तिचा राग आला. ज्या पोस्टरला आबांचा हात लागला होता, जे तू तुझ्या लुगड्यांखाली जपलंस, ते एका तिऱ्हाईत बाईला कसं द्यायचं? घरी आल्याबरोबर पुण्याच्या मुलाला फोन लावला आणि ती नुसत्या अक्षरांची पोस्टरं परत मागितली. तो बिचारा ओशाळला. त्याने ती परदेशातल्या एका गोळा करणाऱ्याला पाठवली होती. त्या माणसाला अक्षरांचा आकार आवडला म्हणे, मराठी काही येत नाही त्याला. म्हणजे तू जिथे खरोखर गायलीस त्या रात्री आता समुद्रापलीकडे कुणाच्या तरी दिवाणखान्यात आहेत आणि तिथे कुणालाही तुझं नाव वाचता येत नाही. त्याने फोनवर एक फोटो पाठवला. खालून तिसऱ्या ओळीत, तबलावाल्याच्या आधी, तू होतीस. तो फोटो मी इतका मोठा करून बघितला की शेवटी नुसते ठिपके दिसायला लागले.

दोन महिने मी लोणंदला गेले नाही. विट्याचं पोस्टर भिंतीवर होतं. आधी त्याच्याकडे बघितलं की मला तू गाताना दिसायचीस. आता बायकांच्या बाजूला मान घालून बसलेली दिसायचीस, आणि स्टेजवर डोळे झाकून उभी असलेली ती काळी पोरगी. ती पोरगी डोळ्यांपुढून हलेना. आबांनी जे केलं ते मला कळलं होतं, ते आता कागदावर अवलंबून नव्हतं. शेवटी एका शनिवारी मी काच उतरवली, पोस्टर गुंडाळून प्लॅस्टिकच्या नळीत घातलं आणि घेऊन गेले.

मी तिला सगळं समजावून सांगितलं. उन्हात नको, चिकटपट्टी नको, काचेमागे ठेवा, फ्रेमवाला मी बघते. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "पोस्टर हाय का देवाचा टाक?" आणि गॅसवर मैद्याची खळ शिजवायला ठेवली. वर चिमूटभर मोरचूद टाकलं, किडे लागू नयेत म्हणून. मी म्हटलं, मावशी, एकदा भिंतीला लागलं की निघायचं नाही. ती म्हणाली, "काडायचं हाय कुणाला? धर वरनं." आई, मी धरलं. एवढी वर्षं ज्या कागदाला मी हात धुऊन, पुसून, मग शिवायची, तो कागद मी दोन्ही हातांनी तिच्या खळ लावलेल्या पोपटी भिंतीवर धरून उभी राहिले आणि तिने जुन्या साडीच्या बोळ्याने त्यावरूनही खळ फिरवली. ओलं झाल्यावर तुझं तोंड सुरकुतलं, गाल फुगले, क्षणभर तू साठ-सत्तरीची दिसलीस, जेवढी मी तुला कधी पाहिली नाही. मी ओरडणारच होते. मग तिने मधून कडेकडे हवा काढत हात फिरवला, आणि तू ताणून बसलीस, पुन्हा अठराची. तिने मागे सरून बघितलं. "हं. आता कारेक्रम झाला आसं वाटतं," म्हणाली, आणि हात धुवायला गेली.

त्याला आता आठ-नऊ महिने झाले. मी एकाआड एक रविवारी लोणंदला जाते. तिला सांगते, पोस्टरला कसर लागली का बघायला आले. कसर लागलेली नाही, मोरचूद चांगलं लागू पडलं आहे. ती दारातच विचारते, "जेवलीस का?" आणि मी घरून जेवून निघालेली असले तरी नाही म्हणते. ती लसणाचा ठेचा करते, भाकरी टाकते, मी केसांना रंग लावत नाही म्हणून मला बोलते, शेजारणीच्या चहाड्या सांगते. परतीची गाडी गाठायला मी उठते तेव्हा ती एका डब्यात काहीतरी बांधून देते आणि पुढच्या खेपेला डबा घेऊन ये म्हणते. पलंगाखालची पोस्टरं मी कित्येक दिवसांत बाहेर काढली नाहीत. पुण्याचा मुलगा फोन करून सांगतो, मावशी, एक मिळालंय, तुमच्या आईचं, भुवईवर रेघ नाही. मी म्हणते, ठेव, बघू पुढे.

हे लिहिलेले कागद मी घडी घालून कपाटात टाकेन, पत्रासाठी पत्ता लागतो. पण एक तुला सांगायचं राहिलं, म्हणून एवढं लिहिलं. लोणंदला मी तुझ्या समोर बसून जेवते, हात पुसते, तिच्याशी बोलते, आणि गाडी सुटल्यावर माझ्या लक्षात येतं की आज तुझ्याकडे बघितलंच नाही.